सोळाचं कार्ड

सेनगावात कार्ड विकत घेत नाहीत, काढतात. रेशनचं काढतात, आधारचं काढतात, दवाखान्याचं काढतात, शेतकऱ्याचं वेगळं काढतात, आणि काढलेलं जुनं झालं की पुन्हा नवं काढतात. त्यासाठी बसस्टँडसमोर बंटीचं ऑनलाइन सेंटर आहे. प्रमोद पाईकराव सरांना हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. ते इथलेच, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणारे, चारचौघांत मान असलेले गृहस्थ. तरीही एका सकाळी घराच्या ओट्यावर उभं राहून, रेंज यावी म्हणून गल्लीकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "काढतो ना ग्राफिक कार्ड. आजउद्या काढतोच."

समोरच्या ओट्यावर नानीबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबवला.

सरांच्या मोबाइलचा कानाला लावायचा भाग बिघडलेला असल्यामुळे ते सगळ्यांशी स्पीकरवरच बोलत. त्यामुळे पलीकडचंही गल्लीला ऐकू गेलं. "लवकर काढ प्रम्या," पलीकडचा आवाज म्हणाला, "संपून राहिलेत. पुढं भेटणार न्हाई. अन् काढायचंच हाय तर सोळाचं काढ, आठात भागत न्हाई."

हा आवाज जगन राठोडचा. जगन साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा, सरांचा पहिलीपासूनचा दोस्त, आता पुण्यात एका कंपनीत. दोघं दर रविवारी संध्याकाळी इंटरनेटवर एकत्र ट्रक चालवत. होय, ट्रक. कॉम्प्युटरवरचा एक खेळ होता, त्यात परदेशातल्या रस्त्यांवरून माल घेऊन जायचं असे. जगन पुढे, सर मागे, किंवा उलट, आणि तोंडाने अखंड गप्पा. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, गावं सुटली, पण या ट्रकांमुळे दोघांची गाठ सुटली नव्हती.

आणि आता त्या खेळाची नवी आवृत्ती आली होती. जगनने ती घेतली. सरांच्या जुन्या कॉम्प्युटरने ती घेतली खरी, पण पचवली नाही. चित्र दाखवायचं काम ज्या कार्डाचं, ते बिचारं म्हातारं झालं होतं. त्याने ट्रक दाखवला, झाडं दाखवली, ढगसुद्धा दाखवले, फक्त रस्ता दाखवला नाही. मागच्या रविवारी सर पूर्ण वेळ आकाशातून ट्रक चालवत होते आणि जगन "ब्रेक मार, ब्रेक मार" म्हणत होता. शेवटी सर एका चर्चवर उतरले. तेव्हा जगन म्हणाला होता, "असं जमत न्हाई गड्या. इथं कंपनीतला एक पोरगा हाय, चांगलं मशीन हाय त्याचं. तुझं व्हईस्तोवर त्याच्यासंग खेळतो."

जगनने ते सहज म्हटलं होतं. सरांना ते सहज घेता आलं नाही. तीस वर्षांच्या दोस्तीत कंपनीतला पोरगा घुसतो म्हणजे काय? नवं कार्ड घ्यायचं, आणि लवकर घ्यायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

फक्त 'लवकर' हा शब्द त्यांच्या स्वभावात नव्हता. घरातला फ्रिज घेताना त्यांनी इतका विचार केला होता की ज्या मॉडेलवर मन बसलं ते कंपनीने बंद केलं, त्याच्या पुढचं आलं आणि तेही बंद झालं. ग्राफिक कार्डात तर विचाराला कुरणच मोकळं होतं. कार्डात मेमरी किती, आठ जीबी की सोळा, यावर सगळं अवलंबून. आठचं घ्यावं तर स्वस्त, पण दोन वर्षांत पुन्हा चर्चवर उतरायची वेळ. सोळाचं घ्यावं तर टिकेल, पण महाग, शिवाय ते मिळायचं कुठे? सर कॉलेजातून आले की बायकोला, शीतलताईंना, "जरा ऑनलाइन प्रशिक्षण आहे" असं सांगून खोलीचं दार लावून घेत आणि इंटरनेटवर लोकांची मतं वाचत. एक म्हणे आठ पुरेसं आहे, ज्याला सोळा हवं तो मूर्ख. दुसरा म्हणे आठ घेणारा मूर्ख. दोघांचंही म्हणणं सरांना पटे.

जगन म्हणाला, मी पुण्यातून घेऊन पाठवतो. सर म्हणाले, नको, बिघडलं तर धरायचं कुणाला? आपल्या माणसाकडून, पक्क्या बिलावर घ्यावं. म्हणून ते हिंगोलीला गेले. तिथल्या दुकानदाराने एकच पीस दाखवला, आठचा.

"सर, आठवाला आज ले जाओ, कल का भरोसा नहीं. ये एआयवाले सब मेमरी उठा रहे हैं."

कुठल्याशा परदेशात कुणी यंत्राला शहाणं करायला घेतलंय, म्हणून हिंगोलीत कार्ड मिळेना, हे भूगोलाच्या माणसाला फार भावलं. बारावीला शिकवायला उत्तम उदाहरण आहे, असं त्यांच्या मनात आलं. या उदाहरणावर विचार करत ते कार्ड न घेता परत आले. चार दिवसांनी पुन्हा गेले तर तो पीस वसमतच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने नेला होता आणि पुढच्या पीसचा भाव चढला होता. मग सरांनी ऑनलाइन मागवायचं ठरवलं. तिथे सोळाचं होतं, भाव बरोबर होता, पैसे भरायची वेळ आली आणि पिनकोड टाकल्यावर उत्तर आलं की या ठिकाणी ही वस्तू पोचवता येत नाही. शेजारच्या गल्लीत लोखंडी कपाट ऑनलाइन आलं होतं, पाण्याची टाकी आली होती, पण कार्ड येत नव्हतं. सरांना हा सेनगावचा अपमान वाटला आणि त्यात थोडा आपलाही.

इकडे गल्लीत वेगळंच शिजत होतं. नानीबाईंनी तूर निवडून झाल्यावर शेजारच्या संगिताला एवढंच सांगितलं की सरकारचं नवीन कार्ड आलंय, ग्राफिक म्हणून. सर काढून राहिले. आठाचं आणि सोळाचं असं दोन परकारचं हाय, सोळाचं चांगलं, अन् संपून राहिलंय. संगिताने विचारलं, आठ म्हणजे आठ हजार का? नानीबाई म्हणाल्या, मंग काय आठ रुपये? झालं. नानीबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. जे ऐकलं ते त्यांनी सांगितलं, फक्त मधल्या मोकळ्या जागा भरल्या.

बाया-माणसं बंटीच्या सेंटरवर गेली. बंटी तिशीतला, मिशा राखलेला, आणि गिऱ्हाइकाला कधीही 'नाही' न म्हणणारा माणूस. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही हे तोंडाने कबूल करायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा पाया होता. त्याने कॉम्प्युटरवर इकडेतिकडे शोधलं, काही सापडलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "लिंक खुली व्हायचीये अजून. आधारची झेरॉक्स, पासबुकची झेरॉक्स अन् दोन फोटो आणून ठिवा. लिंक खुलली की पयले तुमचंच." त्याने झेरॉक्सखेरीज कुणाकडून एक पैसा घेतला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण झेरॉक्स मशीन त्या आठवड्यात दोनदा तापून बंद पडलं.

या सगळ्याचा सरांना पत्ता नव्हता. म्हणूनच स्टाफरूममध्ये मराठीचे हरिचंद खिल्लारे सर खुर्ची ओढून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाईकराव सर, तुमचं ग्राफिक कार्ड निघालं का?" तेव्हा सरांच्या घशात चहा अडकला. आपलं गुपित फुटलं कसं? आणि खिल्लारे सर, जे मोबाइलवर फोटो पाठवताना चुकून स्वतःच्या पायाचा पाठवतात, त्यांना ग्राफिक कार्ड ठाऊक?

"न्हाई अजून," सर सावधपणे म्हणाले. "आठाचं घ्यावं का सोळाचं, ह्याच्यात अडकलोय."

"भेटलं तर सोळाचंच घ्यावं," खिल्लारे सर म्हणाले. "पण त्याच्यापायी आठाचं बी हातचं जाऊ नये. अशा गोष्टी बंद व्हायला येळ लागत न्हाई, सर. आधी काढून मोकळं व्हावं."

"तुमी बी घेताय?"

"मी, मंडळी, अन् पोराच्या नावावर एक. तीन काढून टाकावी म्हणतो."

सर थक्क झाले. एका घरात तीन कार्डं! आणि आपण एकासाठी महिनाभर झुरतोय. त्यांना खिल्लारे सरांबद्दल आजवर कधी वाटला नव्हता असा आदर वाटला. शिवाय सल्लाही किती मोजका, किती खरा. इंटरनेटवरच्या शेकडो विद्वानांना जे जमलं नव्हतं ते खिल्लारे सरांनी दोन वाक्यांत केलं. सरांनी व्हरांड्यात जाऊन तिथल्या तिथे जगनला फोन लावला. "सोळाचं घे. भाव काय असंल ते. पाठवून दे."

"कशानं पाठवू?"

"ट्रॅव्हल्सनं. बंटीच्या सेंटरसमोर थांबते गाडी. त्याच्यापाशी टाक म्हण."

जगनने शनिवारी खोकं ट्रॅव्हल्सच्या डिकीत ठेवलं आणि वर जाड अक्षरांत लिहिलं: ग्राफिक कार्ड, प्रमोद सर, बंटी ऑनलाइन सेंटर, सेनगाव. रविवारी सकाळी ड्रायव्हरने बंटीला फोन केला की जिंतूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झालीये, पण तुमचं ग्राफिक कार्ड गाडीत आहे. बंटीने हे दोनदा बोलायला लावलं. मग त्याने गावच्या ग्रुपवर टाकलं: 'ग्राफिक कार्ड सेनगावात येत आहे. पहिले कार्ड पाईकराव सर. बाकीच्यांनी धीर धरावा.'

दुपारी सर रिकाम्या रस्त्याच्या अपेक्षेने बंटीच्या सेंटरवर गेले तर तिथे लग्नाच्या पंगतीइतकी माणसं. पहिल्या रांगेत नानीबाई, संगिता, खिल्लारे सर सहकुटुंब. आणि बाकावर, जीपने साखऱ्याहून आलेल्या मिराबाई, म्हणजे खुद्द जगनची आई. सरांनी वाकून नमस्कार केला.

"मावशी, तुमी इकडं कशा?"

"कार्ड काढाया आले, लेकरा. तू काढलं म्हणले, मंग म्या म्हणलं खरंच असंल."

सरांना यातलं काहीच कळलं नाही. विचारायला वेळही मिळाला नाही, कारण ट्रॅव्हल्स आली, खोकं उतरलं, आणि बंटीने ते सरांच्या हाती न देता टेबलावर ठेवून सर्वांसमक्ष फोडलं. आतून निघालं ते विटेएवढं, काळंकुट्ट, तीन पंखे असलेलं. 

"हे खिशात कसं ठिवायचं?" संगिताने विचारलं.

"पंखे काहून हायेत याला?" नानीबाई म्हणाल्या.

खिल्लारे सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "याच्यावर फोटो कुठं हाय, सर? अन् नंबर?"

मग हळूहळू सरांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला, आणि पडला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. सरांपुढे आता दोनच वाटा होत्या. एक तर सांगायचं की हे सरकारी कामाचं आहे, किंवा खरं सांगायचं. पहिल्या वाटेवर पुढे किती झेरॉक्सा निघतील याचा त्यांनी अंदाज घेतला आणि खरं सांगितलं. हे कॉम्प्युटरमध्ये बसवायचं असतं. याने चित्र चांगलं दिसतं. कशाचं चित्र? खेळातलं. कोणता खेळ? ट्रकचा. कोण खेळतं? इथे सरांचा आवाज इतका बारीक झाला की मागच्या माणसाने "काय म्हणले?" असं विचारलं, आणि नानीबाईंनी गल्लीत पोचेल अशा आवाजात त्याला सांगितलं, "सर स्वतः खेळतेत."

बारा वर्षं अक्षांश-रेखांश शिकवून कमावलेली इभ्रत बसस्टँडसमोर अशी आडवी झाली. सरांना वाटलं आता लोक चिडतील. पण सेनगावच्या माणसाचं एक आहे, पायपीट करून आलेला माणूस काहीतरी बघितल्याशिवाय घरी जात नाही. नानीबाई म्हणाल्या, "मंग लावून तर दाखवा. एवढं ऊन खाल्लंय आमी." बंटीने तर खोकं उचलून चालायलाही सुरुवात केली होती. त्याला आपल्या धंद्याची अब्रू वाचवायची होती.

घरी शीतलताईंनी दार उघडलं आणि नवऱ्यामागची वरात बघितली. सरांनी अडखळत सुरुवात केली, की ते प्रशिक्षण...

"माहितीये," शीतलताई म्हणाल्या. "प्रशिक्षणात तुमी 'साइड दे की रे' म्हणून वरडता, ते सैपाकघरात येतंय ऐकू. चहा किती जणांचा ठेवू?"

कार्ड बसवताना नवीच अडचण निघाली. सरांनी मेमरी तोलली होती, भाव तोलला होता, टिकाऊपणा तोलला होता, फक्त लांबी मोजली नव्हती. कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यापेक्षा चार बोटं लांब निघालं. या कामाला गल्लीतला प्रत्येक माणूस तज्ज्ञ होता. कुणी म्हणालं डबा कापा, कुणी म्हणालं कार्ड कापा. शेवटी डब्याचं एक झाकण कायमचं काढलं, आतली एक पट्टी वाकवली, आणि कार्डाचं तोंड बाहेर राहिलं ते राहिलंच. पंखे फिरले तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. नानीबाईंनी पंख्यासमोर हात धरून वारा येतो का ते बघितलं.

मिराबाईंना मानाची जागा म्हणून सरांच्या शेजारी खुर्ची दिली होती. चहा पिताना त्या म्हणाल्या, "जगनला सांगायचं होतं, म्या तुझ्याकडं आलेय म्हणून. पर रविवारी त्यो फोन उचलत न्हाई. सांजच्याला ड्युटी असती म्हणे त्याला. दर रविवारी ड्युटी. लई तकलीफ हाय लेकराला."

सरांचा हात माउसवर होता तो तिथेच राहिला. दर रविवारची ड्युटी कोणती हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी घाईघाईने म्हटलं की आज राहू द्या, पुन्हा कधीतरी दाखवतो. पण चाळीस माणसं बसलेली, आणि बंटीने हौसेने स्पीकरचा आवाज आधीच वाढवून ठेवलेला. पडद्यावर रस्ता उमटला. काय रस्ता होता तो! डांबर ओलं, कडेला गवत, पांढरी रेघ ठळक. आणि लगोलग जगनचा आवाज खोलीभर घुमला.

"आला का प्रम्या? दिसून राहिलं का आता? लई वाट बघून राहिलो बघ. त्या कंपनीतल्या पोराला सांगितलं, बाबा तू गाडी लई जोरात चालवतो, बोलत बी न्हाई. मजा न्हाई आली त्याच्यासंग."

महिनाभर जे ओझं छातीवर होतं ते उतरलं आणि सरांना खरोखर भरून आलं. पण आनंद करायला सवड नव्हती. "जगन," ते म्हणाले, "जरा जपून बोल, इथं..."

"कशाला जपून? रविवार हाय. आज कुणाच्या बापाची ड्युटी न्हाई."

 मिराबाई पडद्याकडे वाकल्या. त्यांनी ट्रककडे नीट बघितलं, मग स्पीकरकडे तोंड करून शांतपणे विचारलं, "जगन, ड्युटी चालू हाय का रे?"

पुढे चाललेला ट्रक आधी रस्ता सोडून गवतात गेला, मग एका खांबाला घासून थांबला.

"याडी?" स्पीकरमधून आवाज आला. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि एवढा बाप्या माणूस तो शब्द म्हणताना पहिलीतल्या पोरासारखा वाटला.

"गाडी रस्त्यावर घे," मिराबाई म्हणाल्या. "मागून प्रमोद येऊन राहिलाय."

जगनने गाडी मुकाट रस्त्यावर घेतली. दोन्ही ट्रक पुन्हा चालू लागले, एवढ्या हळू की मागून येणारी परदेशी वाहनं भोंगे वाजवायला लागली. रस्ता बर्फाळ डोंगरांतून वळला आणि समोर पाणी आलं, लांबच लांब, आणि त्याच्या टोकाला धरणाची भिंत. भूगोलाप्रमाणे हे ऑस्ट्रिया होतं. सर तसं सांगणारही होते.

"हे कोणतं धरण?" मिराबाईंनी विचारलं.

जगनला काय सुचावं? आईचा राग घालवायला तो म्हणाला, "सिद्धेश्वर हाय, याडी. वळखलं न्हाई का?"

मिराबाई काही एवढ्या भोळ्या नव्हत्या. आपल्याच जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणावर त्या शंभरदा गेल्या होत्या, आणि तिथे बर्फ पडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पदर सावरला.

"सिद्धेश्वरापोतर आलास व्हय," त्या म्हणाल्या. "मंग तिथून घर किती लांब हाय? ये जेवाया."

 ट्रक पाण्याच्या कडेने जात राहिला. नानीबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पंख्याचा वारा लागतोय म्हणाल्या. मग स्पीकरमधून एक मोठा श्वास आला आणि पाठोपाठ हसू. "येतो," जगन म्हणाला. "शनवारी निघतो."

पुढच्या रविवारी सेनगावात खेळ झाला नाही. सर आणि शीतलताई जीपने साखऱ्याला गेले. तांड्यावर बाजेवर जगन बसला होता, खराखुरा, थोडा जाड झालेला. रविवारची संध्याकाळ दोघांनी बाजेवर पाय हलवत, त्याच त्या गप्पा मारत घालवली. मिराबाईंनी वाढायला घेतलं आणि तिथेच निकाल दिला, की महिन्यातला एक रविवार जेवायचा, बाकीचे ड्युटीचे. कुणी हरकत घेतली नाही. प्रमोद सरांनी मात्र सवयीने मनातल्या मनात सगळं तोलून बघितलं. एवढी वणवण करून आणलेलं सोळाचं कार्ड महिन्यातून एक रविवार बंद राहणार, म्हणजे वापराच्या मानाने ते महागच पडलं. त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.